ठाणे-बेलापूरहून उपग्रहांचे फ्लेअर : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार. ठाणे, इमारतीची गच्ची

दिवाळीचा धूर आज कुठे निवळला. रात्री आठला गच्चीवरून गुरू, शनी, ब्रह्महृदय, रोहिणी आणि मावळतीला अभिजित-श्रवण दिसले. ध्रुव काही सापडला नाही. शहरातलं आकाश हे एवढंच. तेजोमेघ, आकाशगंगा बघायची तर वांगणीच्या पुढे जावं लागतं, आणि ते दर आठवड्याला जमत नाही. म्हणून घरच्याच आकाशात पद्धतशीर नोंदवता येईल असं काहीतरी हवं होतं. उपग्रहांवरून सूर्याचा प्रकाश परावर्तित होऊन क्षणभर जी झळाळी दिसते, म्हणजे फ्लेअर, ती मी निवडली. ती उजेडातूनही दिसते, आणि वेळ व दिशा नीट टिपली तर ती नोंद दुसऱ्या कुणालाही पडताळून बघता येते.

ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी आकाश पाहिलंय त्यांना फ्लेअर म्हटलं की आयरिडियम हे उपग्रह-फोनसेवेचे उपग्रह आठवतात. पहिल्या पिढीच्या त्या उपग्रहांना दाराच्या फळीएवढे तीन चकचकीत सपाट अँटेना होते, १८८ बाय ८६ सेंटिमीटरचे. उपग्रह ७८० किलोमीटरवरून जाताना त्यांतल्या एकाचा कवडसा जमिनीवर पडायचा. कवडशाच्या मधोमध असलेल्याला उणे ८ प्रतीपर्यंतची चमक दिसायची (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका कमी तितकं तेज जास्त), म्हणजे शुक्राच्या कितीतरी पट. सेकंदापर्यंतचा अंदाज आधी मिळायचा. २०१७ ते २०१९ या काळात नव्या पिढीचे उपग्रह वर गेले, त्यांना तसे अँटेना नाहीत. जुने बहुतेक खाली आणून जाळले गेले. उरलेसुरले बंद पडून गडगडत फिरतात, ते कधी चमकतील याचा भरवसा नाही. तेव्हा आयरिडियमची जुनी वेळापत्रकं शोधण्यात वेळ घालवू नका. आता बघण्यासारखे तीन प्रकार आहेत : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, क्षितिजालगतचे स्टारलिंक (स्पेसएक्स कंपनीचे इंटरनेट उपग्रह), आणि विषुवदिनाच्या आसपासचे भूस्थिर उपग्रह. मी याच क्रमाने जाणार आहे.

सामान : जुना डीएसएलआर आणि सोबतची १८-५५ लेन्स, १०×५० दुर्बीण, दोन्ही घरचं. वापरलेला ट्रायपॉड १,२०० रुपयांना, टायमर रिमोट ७५० ला घेतला. टॉर्चवर लाल जिलेटिनचा तुकडा रबरबँडने बसवलाय.

२ डिसेंबर, शनिवार. गच्ची

स्थानकाची संध्याकाळची फेरी. लॅपटॉपवरच्या स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने दिलेली वेळ आली आणि गेली, वायव्येला काहीच नाही. भाची म्हणाली, "मावशी, ढगात असेल." ढग नव्हता. आम्ही आवरायला घेतलं आणि मिनिटभर उशिरा ते वर आलं. कॅमेरा तोवर पिशवीत गेला होता.

कारण असं निघालं. कक्षेची माहिती दोन ओळींच्या आकड्यांत मिळते, तिला टीएलई म्हणतात. स्टेलेरियममधली टीएलई दिवाळीच्या आधीची होती. स्थानक सुमारे ४२० किलोमीटरवर आहे, तिथेही विरळ हवा असते, त्यामुळे ते हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंजिन चालवून त्याला वर ढकलतात. तीन आठवड्यांपूर्वीच्या आकड्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं. मिनिटभराची चूक म्हणजे कक्षेत साडेचारशे किलोमीटर! तेव्हापासून दर वेळी निघण्याआधी सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावरून ताजी टीएलई उतरवते. स्टेलेरियममध्ये उपग्रहांच्या सेटिंगमध्ये ती आपोआप अद्ययावत होण्याची सोय आहे. ती चालू आहे असं गृहीत धरू नका, तारीख डोळ्यांनी बघा.

दुर्बिणीतून मात्र छान दिसलं. ईशान्येकडे उतरताना दोन-तीन सेकंद ते गुरूपेक्षाही उजळलं, ती सौर पंख्यांची चमक. मग पिवळसर, तांबूस होत सावलीत शिरलं. या चमकेचा अंदाज आधी देता येत नाही, कारण पंखे सूर्याकडे वळत राहतात. त्यामुळे आख्खी फेरी लक्ष ठेवावं लागतं.

९ आणि १० डिसेंबर

जागेचा शोध. यात दोन्ही दिवस गेले, पण ते लागणारच होते.

स्टारलिंकचे फ्लेअर डोक्यावर दिसत नाहीत. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात आणि त्यांची पृथ्वीकडची सपाट बाजू आरशासारखी आहे. सूर्यप्रकाश अगदी निसटत्या कोनात त्या बाजूवर पडतो आणि पुढे निघून जातो. तो आपल्यापर्यंत पोचायचा तर सूर्य क्षितिजाखाली ३५ ते ४० अंश हवा आणि उपग्रह सूर्याच्याच दिशेला, क्षितिजापासून ५ ते १२ अंश वर हवा. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणजे सगळा खेळ एका मुठीत. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात ही वेळ सूर्यास्तानंतर अडीच तासांनी सुरू होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपते. दिशा पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला, दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला दिशेचा कोन) २५७ च्या आसपास.

आणि ठाण्याच्या पश्चिमेला काय आहे? येऊरचा डोंगर. गच्चीवरून मोजलं तर डोंगराची कड आणि तिच्या अलीकडचे टॉवर मिळून मुठीएवढी उंची खातात. येऊरवर चढून बघावं तर रात्री वनखात्याच्या हद्दीत थांबता येत नाही, आणि बिबट्याच्या जंगलात ट्रायपॉड लावून कुणी बसूही नये. घोडबंदर रोडला गायमुखच्या चौपाटीवर गेलो. तिथे खाडीमुळे उत्तर आणि वायव्य मोकळी आहे, पश्चिम पुन्हा डोंगरात. गायमुख मेअखेरीसाठी राखून ठेवलं : तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, वेळ रात्री दहाच्या पुढे जाते आणि दिगंश ३१६ पर्यंत येतो, म्हणजे नेमका खाडीवर.

हिवाळ्यासाठी पश्चिम मोकळी हवी, तीही उंचावरून. ठाण्याचा डोंगर पश्चिमेला, तर नवी मुंबईचा पूर्वेला. म्हणून बेलापूरची पारसिक हिल. तिथून खाली शहर, पुढे खाडी, पलीकडे मुंबई, आणि क्षितिजापर्यंत आडवं काही नाही. ठाणे-पनवेल लोकलने बेलापूर, वर रिक्षा.

१६ डिसेंबर, शनिवार. पारसिक हिल

पहिली बैठक वाया. वाया म्हणजे दिसलं पुष्कळ, पण सगळी विमानं. आखातातून येणारी विमानं पश्चिमेकडून सरळ आपल्या रोखाने उतरतात. उतरणीचे दिवे लावलेलं विमान समोरून येत असलं की मिनिटभर एकाच जागी उजळत राहतं आणि मग वळून विझतं. डोळ्यांना तो हुबेहूब फ्लेअर वाटतो. भाचीने वहीत उत्साहाने पाच नोंदी केल्या, त्या सगळ्या नंतर खोडल्या.

यावर उपाय दुर्बीण. विमानात पंखांचे लाल-हिरवे दिवे किंवा लुकलुकणारा पांढरा दिवा हटकून दिसतो. स्टारलिंक दुर्बिणीतही एकच स्वच्छ ठिपका राहतो. आता आमचा नियम असा की एकाने उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि दुसऱ्याने लगेच दुर्बीण लावायची. एकट्याने हे काम जमत नाही, सोबत न्याच.

१३ जानेवारी २०२४, शनिवार. पारसिक हिल

आज जमलं!

रात्र निवडताना शनीचा विचार केला होता. जानेवारीच्या मध्यात शनी सव्वानऊच्या सुमारास मावळतो, आणि फ्लेअरच्या वेळेत तो त्याच दिशेला, क्षितिजापासून सात अंशांवर असतो. याचा फायदा मोठा आहे. क्षितिजाजवळ आपण हवेच्या फार जाड थरातून बघतो. दहा अंशांवर तो थर डोक्यावरच्या पाच-सहा पट असतो, आणि मुंबईच्या धुरकट हवेत त्यामुळे सहज दोन प्रतींचा फरक पडतो. डोक्यावरच्या ताऱ्याशी तुलना करून प्रत लिहिली तर ती चुकणारच. तुलना करायचा तारा किंवा ग्रह त्याच उंचीवर हवा. शनी आज आयताच तिथे होता, प्रत जवळपास १.

सूर्यास्त सहा एकोणीसला. द्वितीयेची कोर साडेआठला मावळली. अटल सेतू कालच उघडलाय, पलीकडे त्याच्या दिव्यांची रांग धुरक्यातूनही ओळखू येत होती, आणि ती नेमकी आमच्या दिशेलाच. उद्या-परवा हे दिवे किती त्रास देतील ही काळजी होती. पण ते क्षितिजाला चिकटून आहेत. पाच अंशांच्या वर त्यांचा उपद्रव जाणवला नाही.

पावणेनऊपासून बघायला लागलो. काही मिनिटं काही नाही. आठ एक्कावन्नला शनीच्या उजवीकडे, दोन बोटं वर, काहीच नव्हतं तिथे एक ठिपका उगवला. चार-पाच सेकंदांत तो शनीएवढा झाला, मग शनीच्या पुढे गेला, बोटभर सरकला आणि तितक्याच वेळात मावळला. भाचीने दुर्बीण लावली : एकच ठिपका, दिवे नाहीत. अजून बोलतोय तोच त्याच जागी दुसरा. मग तिसरा. स्टारलिंकची हीच खूण आहे. उपग्रह वेगवेगळे असले तरी आरसा जुळण्याची जागा आकाशात तीच राहते. म्हणून एक दिसला की नजर त्याच्या मागे न्यायची नाही, तो उगवला तिथेच ठेवायची. आम्ही पहिल्याच्या मागे डोळे नेले असते तर दुसरा हुकला असता.

नऊ वाजून सात मिनिटांनंतर एकही नाही. सूर्य तेव्हा क्षितिजाखाली साडेअडतीस अंशांच्या पुढे गेला होता, त्या उंचीवरचे उपग्रहही पृथ्वीच्या सावलीत गेले असणार.

हिशेब मांडला तर मजा वाटते. दहा अंशांवर दिसलेला उपग्रह आपल्यापासून १,८०० किलोमीटर दूर असतो. बेलापूरच्या टेकडीवरून आम्ही बघत होतो ते अरबी समुद्रावरच्या, ओमानच्या बाजूच्या आकाशात. कक्षेत तेव्हा पाच हजारांहून जास्त स्टारलिंक होते. नेमका कोणता चमकला हे ठरवायचं तर वेळ सेकंदापर्यंत पक्की हवी. पुढची नोंद त्याचीच.

दुसऱ्या दिवशी चंद्रकोर शनीला जवळजवळ चिकटलेली होती. तिच्या उजेडात प्रतीचा अंदाज जमेना, म्हणून त्या रात्रीच्या नोंदी तुलनेत धरल्या नाहीत.

२१ जानेवारी, रविवार. घरी, फोटोंवर काम

१८ मिमी, एफ ४, आयएसओ ८००, एकेक फोटो ४ सेकंदांचा, लागोपाठ. पहिल्या बैठकीला १५ सेकंद ठेवले होते, तर क्षितिजाकडचा अर्धा फोटो संत्र्याच्या रंगाचा होऊन धुतला गेला. शहरात उघडीप (एक्स्पोजर) कमी आणि फोटो जास्त, हेच बरं. नंतर स्टारट्रेल्स नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळे एकावर एक चढवले की फ्लेअरच्या आखूड रेघा एका जागी दाटीने दिसतात.

खरी अडचण घड्याळाची. कॅमेऱ्याचं घड्याळ दिवाळीत लावलं होतं, ते आज ४१ सेकंद मागे निघालं. मोबाइलचं घड्याळही सेकंदभर इकडेतिकडे असू शकतं. आता करते ते असं : मोबाइलवर जीपीएसची वेळ सेकंदांसह दाखवणारं अॅप उघडायचं आणि बैठकीच्या सुरुवातीला व शेवटी त्या पडद्याचाच फोटो कॅमेऱ्याने काढायचा. फोटोत दिसणारी वेळ आणि फाइलमध्ये नोंदलेली वेळ यांतला फरक म्हणजे दुरुस्ती. घड्याळ लावत बसायचं नाही, फरक लिहून ठेवायचा. डोळ्यांच्या नोंदींसाठी मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवतो. चमक कळसाला गेली की भाची "आता" म्हणते. वहीत लिहायला मान खाली घातली की पुढचा फ्लेअर जातो.

ही दुरुस्ती लावल्यावर आठ एक्कावन्नच्या फ्लेअरला दोनच उमेदवार उरले, आणि दिशेवरून एक गळाला. साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहायला विसरू नका, टीएलई त्याच वेळेत असते.

१० फेब्रुवारी, शनिवार. पारसिक हिल

अमावास्या नुकतीच झालेली, आकाश निरभ्र, आणि तरी काहीच दिसलं नाही. धुरकं इतकं दाट होतं की पंधरा अंशांखाली एकही तारा नव्हता. निघण्याआधी दिवसा गच्चीवरून लांबचे टॉवर किती स्पष्ट दिसतात ते बघायचं, आणि ते पुसट असतील तर जायचंच नाही, एवढं यातून ठरलं.

१० ते १२ मार्च. ठाणे, गच्ची

आता भूस्थिर उपग्रह. हा भाग मला सगळ्यांत आवडला, कारण यासाठी कुठेही जावं लागत नाही.

हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर एकाच जागी थांबल्यासारखे असतात. एरवी ते फार मंद. त्यांचे सौर पंखे उत्तर-दक्षिण अक्षावर फिरत सूर्याकडे तोंड करून असतात. वर्षातून दोनदा, विषुवदिनाच्या जवळ, मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य, पंखा आणि आपण जवळजवळ एका रेषेत येतो. ठाण्याच्या अक्षांशावरून भूस्थिर पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या ३.३ अंश दक्षिणेला दिसतो. म्हणून सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, दक्षिणेला उणे) उणे ३.३ होते त्या तारखा आपल्या : ११-१२ मार्च आणि १-२ ऑक्टोबर. नेमक्या मध्यरात्री उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. सावलीत शिरण्याआधीची आणि बाहेर पडल्यानंतरची काही मिनिटं बघायची. यंदा १० मार्चला अमावास्या होती, चंद्राचा अडथळाच नव्हता.

लक्ष्य ठरवलं ८३ अंश पूर्व रेखांश. तिथे जीसॅट-३०, जीसॅट-२४ हे भारताचे दळणवळण उपग्रह आणि आणखी शेजारी आहेत. ठाण्याहून ती जागा दक्षिणेपासून २८ अंश पूर्वेकडे आणि ६५ अंश उंच. तळमजल्यावरचे काका गच्चीवर टाकी बघायला आले होते. मी होकायंत्र घेऊन दिशा लावत होते, तर ते म्हणाले, "अगं, माझी डिश तिकडेच तर बघतेय." बरोबरच होतं, टाटा प्लेचं प्रक्षेपण ८३ अंशांवरूनच येतं. उंची मात्र डिशवरून ठरवू नका. तिचा तवा बघतो त्यापेक्षा सिग्नल बराच वरून येतो. दिशेपुरती डिश होकायंत्राहून भरवशाची, कारण गच्चीवरच्या लोखंडी सळयांजवळ होकायंत्र भरकटतं.

मैत्रिणीची ५० मिमी लेन्स उसनी आणली. एफ २.८, आयएसओ ८००, दहा सेकंद, ट्रायपॉड पक्का, कॅमेरा ताऱ्यांच्या मागे फिरवायचा नाही. तारे सरकतात म्हणून त्यांच्या रेघा होतात, भूस्थिर उपग्रहाचा ठिपका राहतो.

१० तारखेला फोटोंत स्थिर ठिपके डझनावारी मिळाले. आनंद टिकला नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे गरम पिक्सेलही अगदी तसेच स्थिर दिसतात. झाकण लावून त्याच सेटिंगने फोटो काढला तर त्यातही बहुतेक ठिपके हजर.

११ ला युक्ती बदलली. दर दहा मिनिटांनी कॅमेरा अंशभर हलवायचा. गरम पिक्सेल फोटोत आपल्याच जागी बसून राहतो. उपग्रह मात्र फोटोत सरकतो, आणि तो शेजारच्या उंच इमारतीच्या टोकापासून मोजलेल्या अंतरावर तसाच असतो. ते टोक फोटोच्या कोपऱ्यात येईल अशीच चौकट धरली होती. या चाळणीतून तीन ठिपके उरले, अगदी जवळजवळ.

११ च्या रात्री साडेअकराला त्यांतला एक ठळक होऊ लागला. फोटोतल्या ताऱ्यांशी तुलना केली तर तो पाचव्या प्रतीच्या थोडा खाली भरला. ठाण्यात डोळ्यांना दिसणार नाही, पण दुर्बिणीत दिसला! जमिनीवर चटईवर आडवं होऊन, दुर्बीण डोळ्यांवर धरून, तारे हळूहळू सरकताना आणि हा एक तसाच थांबलेला. भाची पाच मिनिटं दुर्बीण सोडेना. तेवीस छत्तीसला तो मंदावू लागला आणि दोन मिनिटांत विझला. सावलीच्या कडेवरून सूर्याचं बिंब झाकलं जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आकडेमोडीनुसार सावली तासाभराहून थोडी जास्त टिकणार होती. बारा बेचाळीसच्या फोटोत ठिपका परत आला.

१२ ला ढग आले. अकरा ते एक बसून आवरलं.

१७ मार्च, रविवार. हिशेब आणि पुढचं

नवा खर्च ट्रायपॉड आणि रिमोटचा १,९५०, लोकल-रिक्षाचे मिळून हजारभर. लेन्स उसनी होती. ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स विकत घ्यावीच लागेल, कारण १८-५५ ने भूस्थिर उपग्रह उमटले नाहीत.

नोंदींचा तक्ता आता असा ठेवलाय : जागतिक वेळ सेकंदांसह, दिगंश, उंची, कशाशी तुलना केली त्याचं नाव आणि उंची, दुर्बिणीत तपासलं की नाही, घड्याळाचा फरक, टीएलईची तारीख. शेवटचे तीन रकाने नसलेल्या डिसेंबरच्या नोंदी मी वेगळ्या फाइलमध्ये टाकल्या, त्यांवरून काही सिद्ध करता येत नाही.

मेअखेरीस गायमुखला वायव्येचे स्टारलिंक, रात्री दहानंतर. जूनपासून कॅमेरा सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात. १-२ ऑक्टोबरला परतीच्या पावसाने उघडीप दिली तर पुन्हा गच्ची, या खेपेस ७४ अंश पूर्वेचे उपग्रह. ते ठाण्याहून जवळपास थेट दक्षिणेला, साडेसदुसष्ट अंशांवर आहेत, आणि सावलीत ८३ वाल्यांपेक्षा छत्तीस मिनिटं उशिरा शिरतात. कल्याण, पनवेल, वसईहून बघणाऱ्यांना इथले दिशा-उंचीचे आकडे जसेच्या तसे चालतील, फरक अर्ध्या अंशाच्या आत राहतो. पुण्याहून बघायचं तर भूस्थिर उपग्रहांची उंची पुन्हा काढून घ्या.